अ‍ॅक्शन कॅमेऱ्याने सूर्यग्रहण टिपताना: बिंबाचा हट्ट सोडा, उजेडाकडे बघा

अ‍ॅक्शन कॅमेरा (हेल्मेटवर किंवा सायकलवर लावायचा छोटा कॅमेरा) घेऊन ग्रहणाला निघण्याआधी एक छोटा हिशोब करावा. सूर्याचे बिंब आकाशात जेमतेम अर्धा अंश रुंद दिसते. या कॅमेऱ्याची वाइड नजर आडवी 110 ते 120 अंश पसरलेली असते. त्यामुळे 5312 पिक्सेल रुंदीच्या 5.3के चौकटीतही सूर्याच्या वाट्याला 20 ते 25 पिक्सेल येतात. तोच सूर्य 500 मिमी लेन्सच्या 24 मेगापिक्सेल फुल-फ्रेम कॅमेऱ्यात साडेसातशे पिक्सेलच्या आसपास भरतो. झूमचे बटण दाबून काही साधत नाही. ते डिजिटल झूम असते, आहे तेच पिक्सेल ताणून मोठे दाखवते.

तरीही हा कॅमेरा न्यावा, कारण ग्रहण म्हणजे नुसते बिंब नव्हे. पश्चिमेकडून चढत येणारी सावली, क्षितिजावर चहूबाजूंनी पसरणारा संधिप्रकाश, पाहता पाहता धूसर होणारे ऊन, अंधार पडताच लोकांच्या तोंडून निघणारा आवाज, यातले काहीच मोठ्या टेलिलेन्समध्ये येत नाही. अ‍ॅक्शन कॅमेरा ते सगळे एका चौकटीत घेतो, आणि नीट लावून ठेवला तर तुमचे हात मोकळे राहतात. पुढचा बराचसा लेख खग्रास ग्रहणाचा रुंद व्हिडिओ कसा घ्यावा यावर आहे. खंडग्रास किंवा कंकणाकृती ग्रहण असेल तर टाइमलॅप्स, कोरी (चंद्रकोरीसारख्या सूर्यप्रतिमा) आणि फिल्टर हे भाग जास्त उपयोगी पडतील.

डोळ्यांबद्दल, थोडक्यात

सूर्याकडे पाहायला आयएसओ 12312-2 मानकाचा ग्रहणचष्मा हवा. काजळी धरलेली काच, एक्स-रे फिल्म, सीडी, कॅमेऱ्याचे एनडी (उजेड कमी करणारे) फिल्टर यांतले काहीही डोळ्यांसाठी चालत नाही. चष्मा काढायची मुभा फक्त खग्रास अवस्थेत, म्हणजे बिंब पूर्ण झाकले गेल्यापासून पहिला तेजाचा ठिपका परत दिसेपर्यंत. कंकणाकृती आणि खंडग्रास ग्रहणात तो क्षण येतच नाही. ग्रहणचष्मा डोळ्यांना लावून दुर्बिणीतून पाहणे तर अगदीच घातक, कारण दुर्बिणीने एकवटलेली उष्णता चष्म्याची फिल्म जाळते. कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर सूर्य पाहायला मात्र हरकत नाही. चौकट जुळवताना नजर पडद्यावरच ठेवा, कॅमेऱ्याच्या कडेवरून वर जाऊ देऊ नका.

आणि कॅमेऱ्याचे काय? या लेन्सची फोकल लेंथ सुमारे 3 मिमी आणि उजेड आत घेणारे तोंड मिलिमीटरभर. सेन्सरवर सूर्याचा ठिपका पडतो तो मिलिमीटरच्या चाळिसाव्या भागाएवढा. त्यामुळे रुंद चौकटीत सूर्य आला तर फिल्टरवाचून चालते. उगाच तासन्‌तास उन्हाकडे तोंड करून ठेवू नये, एवढे पथ्य पुरे. हाच कॅमेरा दुर्बिणीमागे लावला की नियम पालटतात. त्याबद्दल पुढे.

सूर्य किती वर असेल, ते आधी काढा

चौकट कशी लावायची हे बहुतांशी सूर्याच्या उंचीवर ठरते. 12 ऑगस्ट 2026 च्या ग्रहणात स्पेनमध्ये सूर्य मावळतीला टेकलेला असतो: उत्तर किनाऱ्यावर 10-12 अंश, माजोर्का बेटावर जेमतेम 2-3 अंश. अ‍ॅक्शन कॅमेऱ्याला यापेक्षा सोयीचे काही नाही, क्षितिज, माणसे आणि झाकलेला सूर्य एकाच आडव्या चौकटीत बसतात. अट एकच, पश्चिमेला डोंगर, झाड किंवा इमारत आडवी येता कामा नये. 22 जुलै 2028 ला सिडनीत सूर्य जवळपास 30 अंशांवर असेल. तेथेही आडवी चौकट थोडी वर झुकवून काम होते. उलट 2 ऑगस्ट 2027 ला इजिप्तमधल्या लक्झरमध्ये खग्रास अवस्था सहा मिनिटांहून जास्त चालते, पण सूर्य 80 अंशांच्याही वर, जवळजवळ डोक्यावर असतो. तेथे सूर्य आणि क्षितिज एका चौकटीत कोंबण्याच्या नादात दोन्ही बिघडतात. अशा ठिकाणी कॅमेरा क्षितिजाकडे लावावा आणि सूर्य सोडून द्यावा. दुसरा कॅमेरा असेल तर तो जमिनीवर उताणा ठेवून आकाश टिपावे.

ढोबळ नियम असा. सूर्य 25 अंशांपर्यंत असेल तर 16:9 आडवी चौकट, लिनियर लेन्स (सरळ रेषा सरळच ठेवणारी सेटिंग). 25 ते 55 अंशांपर्यंत 4:3 किंवा 8:7 चौकट, वाइड लेन्स, किंवा कॅमेरा सरळ उभा करून. त्याहून वर असेल तर सूर्याचा नाद सोडलेला बरा. हात लांब करून आवळलेली मूठ साधारण 10 अंश मापते, त्यामुळे जागेवर उभे राहून मुठी मोजल्या तरी अंदाज येतो.

जागा आणि चौकट

चंद्राची सावली बहुतेक ठिकाणी पश्चिमेच्या बाजूने येते आणि जमिनीवरून ताशी 1700 किलोमीटरपेक्षा जास्त वेगाने सरकते. ती येताना टिपायची असेल तर पश्चिम क्षितिज मोकळे हवे आणि जागा आजूबाजूच्या जमिनीपेक्षा थोडी उंच हवी. रस्त्यावरच्या दिव्यांपासून दूर राहा. उजेड कमी झाला की आपोआप लागणारे दिवे नेमके खग्रास अवस्थेत पेटतात आणि चौकटीत पिवळे डाग पडतात. गाड्यांचे हेडलाइटही तसेच.

रुंद लेन्समध्ये दूरचे सगळे खुजे दिसते. म्हणून कॅमेऱ्यापासून दोन-तीन मीटरवर काहीतरी हवेच: बसलेली माणसे, तिपाईवरची दुर्बीण, एखादे एकटे झाड. ट्रायपॉडची उंची दीड मीटरच्या आसपास ठेवा. गुडघ्याएवढ्या उंचीवर लावलेल्या कॅमेऱ्यासमोर ऐन वेळी कुणाची तरी पाठ येते. क्षितिज चौकटीच्या मध्यापासून फार खाली ढकलले तर वाइडमध्ये ते धनुष्यासारखे वाकते. ते खटकत असेल तर लिनियर निवडा. हलक्या मिनी ट्रायपॉडला मध्यदांड्यावर पिशवी टांगून वजन द्या, कारण ग्रहणात हवा थंड होताना वाऱ्याची झुळूक सुटू शकते.

जलरोधक कव्हर काढून ठेवा. त्याच्या काचेमुळे सूर्याचे जादा प्रतिबिंब चौकटीत उमटते. लेन्सची काच मायक्रोफायबरने पुसा. बोटाचा एक ठसा सूर्यावर लांब तेजस्वी पट्टा ओढायला पुरेसा असतो.

एक्स्पोजर: सगळे इथेच बिघडते

बहुतेक ग्रहणव्हिडिओ कॅमेऱ्याच्या हुशारीने वाया जातात. अंधार पडला की ऑटो एक्स्पोजर चित्र उजळत जाते, आणि पाहणाऱ्याला वाटते की ढग आला असावा. त्यामुळे उजेड किती आणि कधी उतरतो हे आधी समजून घेतलेले बरे.

निम्मा सूर्य झाकला गेला की उजेड एक स्टॉप उतरतो (प्रत्येक स्टॉपला उजेड निम्मा होतो). 75 टक्क्यांना दोन स्टॉप, 90 टक्क्यांना सव्वातीन, 99 टक्क्यांना साडेसहाच्या वर. म्हणूनच 80 टक्के ग्रहण लागूनही आजूबाजूला फारसे काही जाणवत नाही, डोळे आपोआप जुळवून घेतात. भर उन्हाचा उजेड एक लाख लक्सच्या घरात असतो आणि खग्रास अवस्थेत तो काही लक्सवर येतो. हा एकूण उतार सुमारे 14 स्टॉपचा. यातला पहिला निम्मा उतरायला तासाभराहून अधिक वेळ लागतो आणि उरलेला निम्मा शेवटच्या मिनिटाच्या आसपास उतरतो. तुम्हाला दाखवायचा आहे तो हा शेवटचा कडेलोट.

या कॅमेऱ्यांचे अ‍ॅपर्चर बहुधा कायमचे ठरलेले असते, मॉडेलनुसार साधारण एफ/2.5 ते एफ/2.8. हातात उरतात शटर आणि आयएसओ. एकच कॅमेरा असेल तर पुढची जुळणी सगळ्यात भरवशाची:

- रिझोल्यूशन 4के, वेग 25 किंवा 30 फ्रेम. 60 फ्रेम नको. सेकंदाला 60 फ्रेम घ्यायच्या तर शटर 1/60 पेक्षा लांबत नाही आणि अंधारात निदान एक स्टॉप उजेड हातचा जातो.
- शटर ऑटो, आयएसओ किमान 100, कमाल 800. नव्या, मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यात कमाल 1600.
- एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन उणे 0.5 ते उणे 1.
- व्हाइट बॅलन्स 5500के, कायम. ऑटोवर राहिला तर क्षितिजाचा नारिंगी रंग कॅमेरा धुऊन काढतो.
- स्टॅबिलायझेशन बंद. ट्रायपॉडवर त्याचा उपयोग नाही. उलट चौकट कापली जाते आणि कमी उजेडात चित्र थरथरते.
- एचडीआर व्हिडिओ आणि ऑटो लो-लाइट बंद. दोन्ही काळोख उजळण्यासाठीच असतात.
- बिटरेट हाय, शार्पनेस लो, रंग नॅचरल किंवा फ्लॅट. रंगसंस्करणाची सवय नसेल तर लॉगच्या (नंतर रंग भरावे लागतात अशा फिक्या चित्रणाच्या) भानगडीत पडू नका.
- लूपिंग बंद. ते चालू राहिले तर जुने चित्रण पुसून त्यावर नवे चढत जाते.

यात खरे काम करते ती आयएसओची कमाल मर्यादा. ऊन असताना कॅमेरा 100 आयएसओवर शटर आखडून चित्र सांभाळतो. उजेड उतरत जाईल तसे शटर लांबत 1/25 किंवा 1/30 वर टेकते, मग आयएसओ चढून 800 वर थांबते. त्यापुढे कॅमेऱ्याकडे उपाय उरत नाही आणि चित्र काळवंडू लागते, तेही नेमके शेवटच्या काही सेकंदांत. हिशोबाने पाहिले तर 800 आयएसओवर खग्रास अवस्थेतले चित्र 'बरोबर' एक्स्पोजरपेक्षा तीन-साडेतीन स्टॉप गडद येते. जमीन जवळजवळ काळी, क्षितिज नारिंगी, वर जांभळट निळे आकाश आणि त्यात एक पांढरे वलय. मर्यादा 3200 किंवा 6400 ठेवली तर तेच दृश्य मळक्या संध्याकाळसारखे दिसते, आणि प्रभामंडळ, म्हणजे करोना, इतका फुगतो की मधला काळा ठिपका गिळला जातो.

800 की 1600, हे घरीच ठरवता येते. खग्रास अवस्थेतला उजेड हा नागरी संधिप्रकाश संपतानाच्या, म्हणजे सूर्य क्षितिजाखाली 6 अंश गेल्यावरच्या उजेडाच्या जवळपास असतो. विषुववृत्ताजवळच्या प्रदेशांत ही वेळ सूर्यास्तानंतर 20-25 मिनिटांनी येते, वरच्या अक्षांशांवर आणखी उशिरा. त्या वेळी बाहेर उभे राहून दोन्ही मर्यादांवर एकेक मिनिट चित्रण करा आणि मोठ्या पडद्यावर पाहा. डोळ्यांना दिसले त्यापेक्षा चित्र उजळ वाटले तर मर्यादा खाली आणा.

दुसरा कॅमेरा असेल तर त्याला पूर्ण लॉक करून पाहण्यासारखे आहे: शटर 1/30, आयएसओ 400, दोन्ही हाताने. भर उन्हात हे चित्र नऊ-दहा स्टॉपने जळालेले, पांढरेफटक दिसेल, घाबरू नका. शेवटच्या पाव मिनिटात त्यात जमीन उगवते, रंग भरतात आणि क्षणात अंधार पडतो. कॅमेऱ्याने मध्ये काहीच न केल्यामुळे उजेड जसा पडला तसाच दिसतो. उपयोगाची फीत मात्र मिनिटाभराचीच, त्यामुळे एकुलत्या कॅमेऱ्यावर हा जुगार खेळू नये.

ऊन, वीज आणि कार्ड

हे कॅमेरे वाऱ्यात पळण्यासाठी बनवलेले आहेत. सायकलवर किंवा हेल्मेटवर हवा लागून ते थंड राहतात. ट्रायपॉडवर, स्थिर उन्हात, 4के चित्रण चालू असताना तेच कॅमेरे तापून बंद पडतात. ग्रहणातल्या बिघाडांत याचा नंबर बराच वरचा. उपाय साधे आहेत:

1. चित्रण सुरू करायच्या वेळेपर्यंत कॅमेरा बंद करून सावलीत ठेवा.
2. जीपीएस, वायफाय, ब्लूटूथ बंद. पडदा एका मिनिटात झोपेल असे करा. पुढचा पडदा असेल तर तोही बंद.
3. कॅमेऱ्याच्या वर आणि मागे पांढऱ्या जाड कागदाची छोटी छत्री चिकटवा. काळे अंग उन्हातून सुटले की तापमानात बराच फरक पडतो. 120 अंशांची नजर फार पसरलेली असते, त्यामुळे कागदाची कड चौकटीत डोकावत नाही ना, ते पाहा.
4. दोन तास सलग चित्रण करू नका. लागतो तेवढाच भाग घ्या.

लागणारा भाग म्हणजे खग्रास अवस्थेआधी 15 मिनिटे, ती अवस्था, आणि नंतर 10 मिनिटे, एकूण अर्ध्या तासाच्या आतबाहेर. 100 मेगाबिट बिटरेटला तासाला 45 जीबी होतात, म्हणजे अर्ध्या तासाला साधारण 22 जीबी. 128 जीबीचे व्ही30 दर्जाचे कार्ड भरपूर झाले. कार्ड फोनमध्ये किंवा संगणकात नव्हे, त्याच कॅमेऱ्यात फॉरमॅट करा. लांब चित्रणाच्या फायली कॅमेरा तुकड्यांत साठवतो. ते सदोष नाही, नंतर सलग जोडता येतात.

पूर्ण भरलेल्या बॅटरीवर अर्धा तास निघतो. टाइमलॅप्ससकट तीन तास चालवायचे असतील तर पॉवर बँक हवी. 10000 एमएएचची बँक 37 वॉट-तासांची. रूपांतरातली गळती वजा जाता 30 उरतात. कॅमेरा 5 वॉट खातो असे धरले तर सहा तास. दोन गोष्टी मात्र आधी तपासा. काही पॉवर बँका कमी वीज खेचली जात असली की स्वतःहून बंद होतात, टाइमलॅप्समध्ये हे हमखास घडते. आणि काही कॅमेरे बॅटरी काढून नुसत्या केबलवर चालतात, थोडे कमी तापतातही, पण केबलला धक्का लागला तर चालू असलेली फाइल खराब होऊ शकते. फार कडक ऊन नसेल तर बॅटरी आत राहू द्यावी हे बरे. केबल ट्रायपॉडच्या पायाला चिकटपट्टीने दोन ठिकाणी बांधून टाका.

आदल्या दिवशीची तालीम

सूर्याची क्रांती (खगोलीय विषुववृत्तापासूनचे त्याचे अंतर) एका दिवसात 0.4 अंशापेक्षा जास्त बदलत नाही. त्यामुळे आदल्या दिवशी, त्याच जागी, घड्याळात त्याच वेळी सूर्य जिथे दिसेल तिथेच तो ग्रहणातही असणार. ही फुकटची तालीम सोडू नका. ट्रायपॉड लावा, चौकट जुळवा, ट्रायपॉडच्या पायांच्या जागी जमिनीवर खुणा करा, डोक्याचा कोन पट्टीने नोंदवा. मग पूर्ण अर्धा तास चित्रण चालवा. कॅमेरा तापून बंद पडायचा असेल तर आजच पडू दे.

कॅमेऱ्याचे घड्याळ फोनच्या वेळेशी सेकंदापर्यंत जुळवा. ग्रहणाच्या चार वेळा त्या जागेसाठी काढून कागदावर लिहून ठेवा: स्पर्श म्हणजे ग्रहण लागते तो क्षण, संमीलन म्हणजे खग्रास अवस्थेची सुरुवात, उन्मीलन म्हणजे तिचा शेवट आणि मोक्ष म्हणजे ग्रहण सुटणे. सावलीच्या पट्ट्याच्या कडेला असाल तर काही किलोमीटरच्या फरकाने खग्रास काळ कितीतरी सेकंदांनी बदलतो, म्हणून जवळच्या मोठ्या शहराची वेळ वापरू नका.

प्रत्यक्ष दिवशी

संमीलनाआधी 40 मिनिटे: ट्रायपॉड खुणांवर, वजन टांगलेले, कॅमेरा अजून बंद आणि झाकलेला. लेन्स पुसा.

20 मिनिटे: कॅमेरा चालू करा आणि सेटिंग एकेक करून वाचा. आयएसओची कमाल मर्यादा, व्हाइट बॅलन्स आणि लूपिंग ही तीन पुन्हा एकदा. दहा सेकंदांची चाचणी फीत घेऊन परत पाहा. बीप आणि पुढचे लाल दिवे बंद करा. अंधारात तो दिवा शेजाऱ्यांच्या डोळ्यांत खुपतो.

15 मिनिटे: रेकॉर्ड सुरू. वेळेचा आकडा पुढे सरकतो आहे याची खात्री करा. स्क्रीन लॉक लावा. आता हात लावू नका.

3 मिनिटे: पडद्याला न हलवता एकदाच डोकावून पाहा. बंद पडला असेल तर बॅटरी बदलून पुन्हा सुरू करायला अजून वेळ आहे. त्यानंतर बंद पडला तर पडू दे.

खग्रास अवस्थेत कॅमेऱ्याकडे अजिबात बघू नका. जी दोन-चार मिनिटे मिळतात ती डोळ्यांची आहेत. 2026 च्या ग्रहणात ती जास्तीत जास्त 2 मिनिटे 18 सेकंद, 2027 मध्ये 6 मिनिटे 23 सेकंद. उन्मीलनानंतर निदान दहा मिनिटे चित्रण चालू ठेवा. सावली पूर्वेकडे पळताना दिसते ती याच वेळी, आणि लोकांचे बोलणेही तेव्हाच सुटते.

ढग आले म्हणून कॅमेरा गुंडाळू नका. टेलिलेन्सवाल्यांचा दिवस गेला, तुमचा नाही. ढगांच्या थरावर सावलीची कड निरभ्र आकाशापेक्षा कितीतरी ठळक उमटते. पातळ, उंच ढग तर वरदानच.

टाइमलॅप्स: सूर्याची वाट

स्पर्शापासून मोक्षापर्यंत अडीच-तीन तास जातात. तेवढ्यात सूर्य तासाला 15 अंश या वेगाने 37 ते 45 अंश सरकतो. ही सगळी वाट अ‍ॅक्शन कॅमेऱ्याच्या एका स्थिर चौकटीत मावते. टाइमलॅप्स व्हिडिओऐवजी टाइमलॅप्स फोटो निवडा, म्हणजे प्रत्येक फोटो नंतर वेगळा सुधारता येतो. दर 5 सेकंदांनी एक या हिशोबाने अडीच तासांत 1800 फोटो, 25 फ्रेमच्या वेगाने 72 सेकंदांची फिल्म. दर 10 सेकंदांनी घेतले तर 36 सेकंद, पण मग अंधार पडण्याचा क्षण दोन-तीन फोटोंतच उरकतो. त्यामुळे 5 किंवा 2 सेकंद. रॉ फोटो हवे असतील तर काही मॉडेलमध्ये कमी अंतर चालत नाही, ते आधी पाहून ठेवा.

फिल्टर नसेल तर या फोटोंत सूर्याची कोर दिसणार नाही. 95 टक्के झाकलेला सूर्यही गोल पांढरा डाग म्हणूनच येतो, कारण उरलेली कड चित्राचा तो भाग पांढराफटक करायला पुरेशी असते. गंमत अशी, की लेन्सच्या आत उमटणाऱ्या परावर्तनाच्या फिकट ठिपक्यात कधीकधी तीच कोर उलटी, पण स्पष्ट दिसते. चौकटीत सूर्याच्या समोरच्या बाजूला असा ठिपका शोधा.

कोरींचे चित्रण

खंडग्रास अवस्थेत या कॅमेऱ्याला सगळ्यात चांगले जमते ते जमिनीवरचे काम. झाडाच्या पानांमधल्या फटी सुईच्छिद्राचे काम करतात आणि खाली शेकडो कोरी पडतात. चाळणी धरली तरी तेच. प्रतिमेचा व्यास म्हणजे छिद्रापासूनचे अंतर भागिले 109. एक मीटरवर 9 मिमी, तीन मीटरवर जवळपास 28 मिमी. छिद्र मोठे तेवढी कड पुसट. एक मीटर अंतराला 1 ते 2 मिमीचे छिद्र योग्य. कोरी पडतील तिथे पांढरा जाड कागद अंथरा.

कॅमेरा कागदापासून 35-40 सेंटिमीटरवर ठेवा. या लेन्सचा फोकस बहुतेक मॉडेलमध्ये कायमचा असतो आणि 30 सेंटिमीटरच्या आत चित्र पुसट होते. कॅमेऱ्याची स्वतःची सावली कागदावर पडते, म्हणून तो तिरका धरावा लागतो. पांढरा कागद करडा दिसू लागला तर कॉम्पेन्सेशन अधिक 0.5 करा.

याच पांढऱ्या कागदावर, संमीलनाच्या आधी आणि उन्मीलनानंतर मिनिटभर, छायापट्टेही (उजेड-सावलीच्या हलत्या लहरी) सरकताना दिसू शकतात. ते फार फिके असतात. शटर 1/125 किंवा त्याहून जलद, रंग फ्लॅट, आणि नंतर कॉन्ट्रास्ट जोरात वाढवायचा. बऱ्याचदा काहीच सापडत नाही.

फिल्टर लावून, आणि दुर्बिणीमागे

बिंबाच्या कोरींची माळ एका चित्रात हवी असेल तर लेन्ससमोर सौरफिल्टरची फिल्म लावा. दृश्य वापराची फिल्म, उदाहरणार्थ बाडर अ‍ॅस्ट्रोसोलर 5.0, लाखातला एक भाग उजेड आत सोडते. कॅमेऱ्याच्या तोंडाभोवती घट्ट बसेल अशी पुठ्ठ्याची चौकट करा, फिल्म न ताणता चिकटवा (सुरकुत्या चालतात, भोक चालत नाही) आणि कडेने उजेड शिरत नाही ना ते पाहा. काळ्या चौकटीत एवढासा सूर्य असताना ऑटो एक्स्पोजर त्याला जाळतेच. म्हणून आयएसओ 100 आणि शटर 1/1000 ते 1/2000, हाताने. ही चाचणी कोणत्याही निरभ्र दिवशी करता येते. ग्रहणात बिंबाचा आकार घटतो, पण उरलेल्या पृष्ठभागाची झळाळी तीच राहते, त्यामुळे तेच एक्स्पोजर शेवटपर्यंत चालते. अगदी बारीक कोरीला एखादा स्टॉप जास्त द्यावा. दर 5 मिनिटांनी एक फोटो घेतला तर सूर्य दोन फोटोंमध्ये सव्वा अंश, म्हणजे दोन-अडीच बिंबे सरकतो. माळेतले मणी एकमेकांना चिकटत नाहीत. खग्रास अवस्थेसाठी फिल्टर काढावा लागतो आणि तेव्हा कॅमेरा हलतोच. म्हणून माळेचा कॅमेरा वेगळा ठेवावा, नाहीतर ही हौस खंडग्रास किंवा कंकणाकृती ग्रहणापुरती ठेवावी.

मोठे बिंब हवेच असेल तर कॅमेरा दुर्बिणीच्या नेत्रिकेमागे (डोळा लावायच्या भिंगामागे) धरावा लागतो. 20 पट वर्धनाने 20 पिक्सेलचा सूर्य 400 पिक्सेलचा होतो. येथे एकच नियम, पण त्याला अपवाद नाही: सौरफिल्टर दुर्बिणीच्या पुढच्या तोंडावर, वस्तुभिंगासमोर, घट्ट बसवलेला असला पाहिजे. नेत्रिकेवर लावलेला फिल्टर एकवटलेल्या उष्णतेने तडकतो, आणि मग कॅमेऱ्याचा सेन्सर किंवा कुणाचा डोळा, जे मागे असेल ते जाते. कॅमेऱ्याची लेन्स नेत्रिकेच्या अगदी जवळ, बरोबर मध्यावर येईल असा फोनसाठीचा क्लॅम्प वापरा. नेत्रिकेचे दृश्यक्षेत्र 50-60 अंशांचे असते, त्यामुळे वाइड नजरेत मध्ये गोल खिडकी आणि भोवती काळे दिसते. लिनियर किंवा नॅरो निवडले की ती खिडकी चौकटीत बरी भरते. दुर्बिणीला पाठलाग करणारी मोटर नसेल तर सूर्य दर दोन मिनिटांना स्वतःच्या व्यासाएवढा सरकतो, सारखे जुळवत बसावे लागते. खरे सांगायचे तर एवढा खटाटोप करणाऱ्याने फोन लावला तरी तेवढेच मिळते.

नंतर संगणकावर

पहिली गोष्ट म्हणजे खग्रास भाग उजळू नका. 'काहीच दिसत नाही' असे वाटून सॉफ्टवेअरमध्ये एक्स्पोजर वाढवले की इतक्या काळजीने राखलेला अंधार निघून जातो आणि वर दाणे उगवतात. दाणे कमी करायचे तर फक्त त्या भागावर, हलक्या हाताने. संमीलनाआधीची 14 मिनिटे आठपट वेगाने पळवा, शेवटचे मिनिट खऱ्या वेगाने ठेवा. आवाजही त्या मिनिटापासूनचाच खरा ठेवा, आधीचा कापून टाका. वेग बदलतो तिथे एकदम उडी दिसली तर दोन-तीन सेकंदांचा हळूहळू उतार द्या. टाइमलॅप्सच्या फोटोंत ऑटो एक्स्पोजरमुळे लुकलुक आली असेल तर आधी डीफ्लिकर, मग बाकीचे. कोरींची माळ जोडताना थर 'लायटन' पद्धतीने (प्रत्येक ठिकाणी जास्त उजळ पिक्सेल राहील असे) एकमेकांवर टाका, आणि पार्श्वभूमीचा फोटो त्याच जागेवरून, त्याच चौकटीत, खग्रास अवस्थेत घेतलेलाच वापरा. दुसऱ्या वेळेचा वापरला तर क्षितिजावरच्या उजेडाची दिशा चुकते आणि जाणकाराच्या ते लगेच लक्षात येते.